राणी आमेली काय म्हणाली

शनिवारी दुपारी दोनच्या टूरला लोक अर्धा तास आधीच येऊन उभे राहायला लागले, तेव्हा म्युझियमच्या गाइडांचं काम बघणाऱ्या लोरेनबाई चकित झाल्या. अकराच्या टूरला पाच टाळकी, साडेबाराच्या टूरला सात, आणि दोनला पस्तीस. अटलांटाच्या उत्तरेला एका जुन्या कापसाच्या गोदामात थाटलेलं हे लहानसं म्युझियम. शाळांच्या सहली सोडल्या तर तिथं गर्दी अशी कोणी पाहिली नव्हती. त्यातून प्रदर्शन होतं पोर्तुगालच्या राजघराण्याचं. जॉर्जियातल्या माणसानं शनिवारचं गवत कापायचं सोडून धावत यावं, असं त्यात काय होतं?

तर त्यात शोभनाताई होत्या.

डॉ. शोभना परचुरे. वय बहात्तर, राहणार अटलांटाचं उपनगर अल्फारेटा, तिथल्या निम्म्या मराठी घरांच्या शोभनाकाकू. उंची जेमतेम पाच फूट, केस पांढरेशुभ्र आणि आखूड कापलेले, पायात धावायचे बूट. त्या आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या, ते सोडा. आवाज मात्र खणखणीत. लोरेनबाईंनी पहिल्या दिवशी कानाला लावायचा माइक पुढे केला, तेव्हा शोभनाताईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. माइक बिघडतो, गळा बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. स्वतःबद्दल शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती. नवरा, प्रतापराव, म्हणायचे की जगातल्या सगळ्या शंका देवानं माझ्या वाट्याला घातल्या आणि हिला कोरी ठेवली.

गळा आला होता वडिलांकडून. भिलवडीकरबुवा हे सांगली-मिरजेकडचे नावाजलेले कीर्तनकार. चातुर्मासात गावोगावच्या देवळांत त्यांची कीर्तनं लागायची आणि शोभना सात वर्षांची असल्यापासून मागे झांज घेऊन उभी असायची. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन तत्त्व सांगायचे, मध्ये सगळ्यांना बुक्का लावला जायचा, आणि मग उत्तररंगात आख्यान. आख्यान सुरू झालं की डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या सावरून बसायच्या. हरिश्चंद्र तारामतीला काय म्हणाला, तिनं त्याला काय उत्तर दिलं, हे बुवा असं सांगायचे की जणू पलीकडच्या खोलीत भिंतीला कान लावून बसले होते. हे सगळं पोथीत कुठं आहे, असं शोभनानं एकदा विचारलं होतं. बुवा म्हणाले, पोथीत हाडं असतात बाळ, मांस कीर्तनकारानं भरायचं.

मॅट्रिकला शोभना जिल्ह्यात तिसरी आली आणि पुढचं सगळं ठरूनच गेलं. कीर्तनाला उभं राहायला बुवांनी तिला नाही म्हटलं असतं, असं नाही. त्यांना विचारायचं कोणाला सुचलंच नाही, तिलासुद्धा. मिरजेला ती डॉक्टर झाली, परचुऱ्यांच्या इंजिनिअर मुलाशी लग्न झालं, एकोणऐंशी साली दोघं अमेरिकेत आले आणि शोभनाताई पॅथॉलॉजिस्ट झाल्या. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे ज्याच्याकडे पेशंट येत नाही, पेशंटचा तुकडा येतो. चौतीस वर्षं हा खणखणीत गळा एका बंद खोलीत मायक्रोस्कोपपुढे गप्प बसला.

निवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत घरातल्या प्रत्येक डब्याला लेबल लागलं. मग गराजमधल्या स्क्रूंची पाळी आली. प्रतापराव घाबरले आणि पेपरात आलेली जाहिरात घेऊन आले: म्युझियमला व्हॉलंटियर गाइड हवेत.

लोरेनबाई म्हणजे काटक, सरळ कण्याच्या, साठीतल्या बाई. दहा शब्दांत काम होत असेल तर अकरावा वापरायच्या नाहीत. त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला सांगितला. ज्याचा कागद दाखवता येत नाही, ते या इमारतीत बोलायचं नाही. आदल्या वर्षी एका निवृत्त मास्तरानं पोरांना रंगवून रंगवून सांगितलं होतं की या गोदामात भूत आहे. चार दिवसांत त्याच्या छातीवरचा गाइडचा बिल्ला काढून घेतला गेला. शोभनाताईंनी हे ऐकून अगदी मनापासून मान डोलावली. घरी येऊन सहा जाडजूड पुस्तकं वाचली, पोर्तुगीज नावांचे उच्चार घोकले, परीक्षा दिली, पहिल्या आल्या, आणि एका शनिवारी दुपारी दोन वाजता पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या.

समोर अकरा अमेरिकन माणसं होती. शोभनाताईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांना लख्ख कळलं की आपण जन्मभर याच जागेची वाट पाहत होतो.

बोलणं इंग्रजीतच, पण बाज सगळा बुवांचा. पहिल्या दालनात पूर्वरंग. राज्य मिळवणं आणि राज्य राखणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्या ठासून सांगायच्या. या घराण्याला पहिली उपजत येत होती, दुसरी शिकता शिकता पावणेआठशे वर्षं गेली आणि शेवटी परीक्षेत नापासच झाले. मग आख्यान. सख्ख्या आईशी लढून राज्य घेणारा आफोन्सो. समुद्रावर गलबतं सोडून अर्ध्या जगाचं सोनं आणि मिरी घरी आणणारे त्याचे वारस. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा सेबास्तियांव, जो मोरोक्कोत लढाईला गेला तो परत आलाच नाही. लोक शेकडो वर्षं धुक्याच्या सकाळी त्याची वाट बघत राहिले. मग साठ वर्षं स्पेनचा अंमल. मग राज्य परत मिळवणारा जुआंव, ज्यानं देशाचा मुकुट मेरीमातेच्या पायाशी वाहिला. त्यानंतर एकाही राजानं तो डोक्यावर चढवला नाही, राज्यारोहणालासुद्धा तो शेजारी ठेवलेला असायचा. अमेरिकन पाहुण्यांना याचं नवल वाटायचं. शोभनाताईंना वाटायचं नाही, कारण पादुका सिंहासनावर ठेवून राज्य करणारा भरत त्यांच्या ओळखीचा होता. त्या पाहुण्यांना भरताचीही गोष्ट दोन वाक्यांत सांगून टाकायच्या.

अल्फारेटातली मराठी मंडळी यायला लागली तेव्हा रंग आणखी चढला. राजकन्या कॅथरीनच्या लग्नात पोर्तुगालनं इंग्रजांना मुंबई आंदण दिली, हे ऐकून हमखास हशा व्हायचा. ज्या गावात दोन खोल्यांसाठी माणसाचा जन्म जातो ते गाव कोणीतरी रुखवतात मांडलं होतं. वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी घेतला, ही घटना प्रदर्शनातल्या नकाशावर एक ठिपका होती. त्या ठिपक्यापाशी शोभनाताई दोन मिनिटं जास्त थांबायच्या आणि त्याबद्दल त्यांना कधी अपराधी वाटलं नाही.

पुढे लिस्बनचा भूकंप, ज्यानंतर राजानं दगडी छपराखाली झोपायचं सोडून दिलं. नेपोलियनच्या फौजा आल्यावर अख्खा दरबार जहाजात घालून ब्राझीलला पळालेलं राजघराणं. आणि शेवटी चौथं दालन. एकोणीसशे आठ सालचा फेब्रुवारी. कार्लोस राजा, राणी आमेली, त्यांची दोन तरुण मुलं. भिंतीवर एका उघड्या बग्गीचं मोठं चित्र. त्या बग्गीवर भर चौकात गोळ्या चालल्या, राजा आणि थोरला मुलगा गेले, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत राजेशाहीच संपली.

पहिले दोन शनिवार हे सगळं पुस्तकात होतं तसंच सांगितलं गेलं. तिसऱ्या शनिवारी चौथ्या दालनात मागच्या बाजूला एका गृहस्थानं खिशातून फोन काढला.

कीर्तनकाराच्या मुलीला श्रोत्याची मान खाली गेलेली दिसली की काय होतं, ते जिचं तिलाच ठाऊक. शोभनाताईंचं तोंड उघडलं आणि राणी बोलायला लागली. राजा बग्गीजवळ येऊन थबकतो. शहरात वातावरण वाईट आहे, बंद गाडी मागवावी असं त्याच्या मनात आहे. राणी त्याच्या दंडावर हात ठेवते आणि म्हणते, "राजा लपला की राज्य संपलं. उघड्या बग्गीतूनच जाऊ."

त्या गृहस्थाचा फोन खिशात गेला. एका बाईनं हात तोंडावर ठेवला. शोभनाताईंच्या अंगावरून सुखाचा शहारा गेला, खोटं कशाला बोला. त्या शनिवारपासून दर शनिवारी राणी ते वाक्य म्हणू लागली, आणि म्हणता म्हणता ते इतकं घोटीव झालं की ते आपण रचलंय हे शोभनाताई जवळजवळ विसरल्या. लोरेनबाई शनिवारी ऑफिसात असायच्या. त्यांच्यापर्यंत फक्त गर्दीचा आकडा पोचायचा.

मार्च उजाडला आणि एका संध्याकाळी प्रीताचा फोन आला. प्रीता मूळची नागपूरची, आयटीतली, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिची मुलगी उर्वी तेरा वर्षांची. दोघी जानेवारीत टूरला येऊन गेल्या होत्या आणि उर्वी त्यानंतर आणखी दोनदा आली होती. प्रीता आनंदानं नुसती उतू चालली होती. उर्वीचा इतिहासाचा निबंध शाळेतून निवडला गेला, जिल्ह्यातून निवडला गेला, आता राज्य पातळीवर जाणार होता. विषय अर्थातच काकूंची टूर. फक्त एक छोटंसं काम होतं. परीक्षकांनी एका वाक्याचा आधार मागितला होता, पुस्तकाचं नाव आणि पान. दोन आठवड्यांत द्यायचं होतं. "काकू, यू मस्ट हॅव इट हँडी ना? मी निबंध फॉरवर्ड करते, बघून ठेवा."

शोभनाताईंनी चहाचा कप घेऊन, चष्मा पुसून, निबंध वाचायला घेतला. पोरीनं सुरेख लिहिला होता. पहिलं पान वाचताना त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी प्रतापरावांना हाक मारून एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या.

निबंधाचं नाव होतं राणीचा हट्ट. उर्वीचं म्हणणं असं होतं की पोर्तुगालची राजेशाही बंडखोरांनी बुडवली नाही, एका बाईच्या गर्वानं बुडवली. राजा बंद गाडीतून जायला तयार होता. राणीनं त्याला जाऊ दिलं नाही. म्हणून नवरा मेला, मुलगा मेला, पावणेआठशे वर्षांचं राज्य गेलं. पुरावा म्हणून राणीचं वाक्य अवतरण चिन्हांत दिलेलं होतं, जसंच्या तसं. खाली लिहिलं होतं: डॉ. शोभना परचुरे यांची टूर.

चहा तसाच राहिला.

प्रतापरावांना सगळं सांगितलं, तेव्हा ते आधी हसले आणि मग बायकोचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. कुठंतरी वाचलंय, आता आठवत नाही, असं सांगून मोकळं व्हावं. बहात्तराव्या वर्षी माणसाला विसरायचा हक्क असतो. पोरगी ते वाक्य गाळेल, लोरेनला कळणारही नाही, कोणाचं काही बिघडणार नाही.

शोभनाताईंनी तरीही ती सहा पुस्तकं पुन्हा काढली. दोन दिवस त्या पानं उलटत होत्या. कुठंतरी, एखाद्या तळटीपेत, राणी तसलं काहीतरी बोललेली सापडेल अशी वेडी आशा होती. सापडलं ते भलतंच. एका पुस्तकात लिहिलं होतं की उघड्या गाडीचा आग्रह राजाचाच होता, सगळं ठीक आहे असं त्याला लोकांना दाखवायचं होतं. बाकीच्या पाचांत तेवढंही नव्हतं. राणी बग्गीत चढण्याआधी काय बोलली, बोलली की नाही, याबद्दल कोणाच्या पुस्तकात अवाक्षर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभ्या असताना त्यांना आपला जुना धंदा आठवला. ऑपरेशन टेबलावर पेशंट उघडा ठेवून सर्जन फोनवरून ओरडायचे, एक शब्द सांगा, कॅन्सर आहे की नाही. स्लाइडवर दिसत नसेल तर शोभनाताई सांगायच्या, दिसत नाही, लिहिणार नाही. एका सर्जननं तर वर तक्रार केली होती, तरी त्या हलल्या नव्हत्या. चौतीस वर्षांत न दिसलेली एक पेशी त्यांनी कधी रिपोर्टात लिहिली नव्हती. आणि इथं एका बाईच्या नावावर, जिचा नवरा आणि वीस वर्षांचा मुलगा एकाच संध्याकाळी तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले, त्या बाईच्या नावावर त्यांनी दर शनिवारी त्या दोघांचं मरण लिहून टाकलं होतं. का, तर एका माणसानं फोन काढला म्हणून. शोभनाताईंना लाज वाटली.

बिल्ला जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या मास्तराचा भुतापायी गेला होता, यांचं प्रकरण भुतापेक्षा वाईट होतं. आणि त्यांना तो बिल्ला हवा होता. इतकं काही त्यांना कित्येक वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं. शनिवार गेला तर पुन्हा डबे आणि स्क्रू. तरीही काय करायचं याबद्दल त्यांच्या मनात जराही चलबिचल झाली नाही. रिपोर्ट चुकला की दुरुस्त रिपोर्ट काढायचा असतो, स्वतःच्या सहीनं, आणि ज्यांच्याकडे पहिला गेला त्या सगळ्यांना पाठवायचा असतो.

पहिल्यांदा त्या उर्वीकडे गेल्या. शाळा सुटल्यावर, चारच्या सुमारास. प्रीतानं लॅपटॉप बाजूला ठेवून चहा केला, उर्वी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. शोभनाताईंनी आडवळणं घेतली नाहीत. ते वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही, ते मी रचलं, आणि ते रचून मी तुझी फसवणूक केली, असं त्यांनी सांगितलं.

प्रीताच गडबडली. "काकू, इट्स फाइन, एकच तर लाइन आहे. ती काढून टाकू या."

ती एकच लाइन नव्हती, हे उर्वीला तिच्या आईच्या आधी कळलं. निबंध त्या वाक्यावर उभा होता. तिनं पाय सोफ्यावरून खाली घेतले. मग शोभनाताईंकडे न बघता म्हणाली, "बट यू सेड इट लाइक यू वेअर देअर."

बुवांच्या कीर्तनात बसलेल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं की बुवा मांस भरताहेत. आख्यान कुठलं आणि बखर कुठली, हे सगळं गाव जाणून असायचं, त्यात फसवणूक नव्हती. या पोरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिनं छातीवरचा बिल्ला बघितला आणि विश्वास ठेवला. हे त्यांनी उर्वीला जमेल तसं सांगितलं. उर्वी उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लोरेनबाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. किती शनिवार, असं विचारलं. आठ, शोभनाताई म्हणाल्या. सुमारे अडीचशे माणसं. लोरेनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग म्हणाल्या की आत्ता खरं तर बिल्ला काढूनच घ्यायला हवा. पण इतक्या वर्षांत कोणी गाइड स्वतःहून सांगायला आलेला त्यांनी बघितला नव्हता. येत्या शनिवारी एक टूर घ्यायची, त्या स्वतः मागे चालतील, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानंतर निर्णय. सबब म्हणून शोभनाताईंनी एकही शब्द काढला नाही. फक्त एक मागितलं, टूरच्या सुरुवातीला दोन मिनिटं. लोरेनबाईंनी दिली.

शनिवारी चाळीस माणसं होती. मागच्या बाजूला कागद अडकवायची फळी हातात घेऊन लोरेनबाई. प्रतापराव एका खांबाशी, दोन्ही हात खिशात. आणि प्रीताच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढे, हातात वही घेऊन उर्वी. ती ऐकायला आलेली नव्हती, पकडायला आली होती. शोभनाताईंना ते पाहून बरं वाटलं. अशीच पोरगी इतिहासाला हवी.

पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी सांगून टाकलं की गेले आठ शनिवार त्यांनी राणी आमेलीच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, ते खोटं होतं, आणि ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांनी कृपया विसरून जावं. काही माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. शोभनाताईंनी घसा खाकरला आणि आफोन्सोला हाक मारली.

गळा तोच होता. आफोन्सो आईशी लढला, गलबतं सुटली, सेबास्तियांव धुक्यात हरवला, मुंबई आंदण गेली आणि हशा झाला. वसईपाशी त्या दोन मिनिटं थांबल्याच. भूकंप झाला, दरबार ब्राझीलला पळाला. मग सगळे चौथ्या दालनात आले.

इथं त्यांनी आवाज खाली आणला. कार्लोस राजा समुद्राची चित्रं काढायचा, त्यात त्याचा हात चांगला होता. सुट्टी संपवून कुटुंब राजधानीला परत येत होतं. वाटेत आगगाडी रुळावरून घसरली म्हणून उशीर झाला. नदी बोटीनं ओलांडली. धक्क्यावर धाकटा मुलगा मानुएल त्यांना घ्यायला आला होता. उघडी बग्गी उभी होती. आई, बाप आणि दोन मुलं, चौघं त्यात बसले.

आणि शोभनाताई थांबल्या. आठ शनिवार राणी बोलत होती ती हीच जागा. आता तिथं नुसती पोकळी होती. मागच्या रांगेत कोणीतरी पायावरचा भार बदलला. एका तरुणाचा हात खिशाकडे गेलेला शोभनाताईंना दिसला. लोरेनबाईंची पेन्सिल वर होती.

उर्वीनं हात वर केला नाही, सरळ विचारलं. "सो व्हॉट डिड शी से?"

शोभनाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. आधी मराठीत, तिच्यासाठी. मग तेच इंग्रजीत, सगळ्यांसाठी, दालनाच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात. "कोणालाच माहीत नाही. ते कोणी लिहून ठेवलं नाही. ती काही बोलली असेल, किंवा नुसता आपला झगा सावरला असेल. शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि आपल्याला कधीही कळणार नाही."

कोणी हललं नाही. मग त्या पुढे म्हणाल्या की राणी काय बोलली ते माहीत नाही, पण तिनं काय केलं ते माहीत आहे. चौकात गोळ्या सुटल्या. राजा जागच्या जागी गेला. बंदूकवाला बग्गीच्या पायरीवर चढला. राणीच्या हातात तेव्हा स्वागताला दिलेला फुलांचा गुच्छ होता. ती बग्गीत उभी राहिली आणि आपल्या मुलांवर बंदूक धरलेल्या माणसाला तिनं त्या फुलांनी मारायला सुरुवात केली.

आठ शनिवार ही गोष्ट शोभनाताईंनी गाळली होती. ती इतकी कीर्तनातल्यासारखी वाटायची की लोक म्हणतील बाई तिखटमीठ लावतात, अशी भीती. जे खरं होतं ते गाळलं आणि जे रचलं ते सांगितलं. आता ते सांगून त्या गप्प उभ्या राहिल्या. मागे पेटी नव्हती, झांज नव्हती, आणि दालनात चाळीस माणसं श्वास धरून त्या उघड्या बग्गीच्या चित्राकडे बघत होती. खिशाकडे गेलेला तो हात अजून खिशातच होता. प्रतापरावांनी चष्मा काढला.

उरलेलं पाच मिनिटांत झालं. थोरला मुलगा गेला. अठरा वर्षांचा मानुएल, दंडाला गोळी लागलेला, राजा झाला. अडीच वर्षांनी क्रांती झाली, आणि आई-मुलगा एका मासेमारीच्या गावातून बोटीत बसून देश सोडून गेले. मानुएल इंग्लंडात वारला. आई त्याच्यानंतर एकोणीस वर्षं जगली. इथं टूर संपली.

गर्दी पांगल्यावर लोरेनबाई जवळ आल्या. फुलांचा कागद आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. शोभनाताईंनी पर्समधून त्या वेळच्या वर्तमानपत्राची छायाप्रत काढून त्यांच्या हातावर ठेवली. खुणेची रेघ आधीच मारलेली होती. लोरेनबाईंनी ती वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि घडी घालून फळीच्या चिमट्यात अडकवली. मग बिल्ल्याकडे एकदा बघून म्हणाल्या, पुढच्या शनिवारीही दोन वाजताच.

उर्वी अजून चित्रापुढेच होती. वहीत काहीतरी खोडत होती, लिहीत होती, पुन्हा खोडत होती. निबंध पाठवायला एक आठवडा उरला होता. शोभनाताई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलायचं धाडस त्यांना झालं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

"शोभनाकाकू," उर्वी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "ते कोणालाच माहीत नाही, दॅट पार्ट. कॅन आय कोट यू?"

"कर," शोभनाताई म्हणाल्या. "आणि खाली माझं नाव लिही."